वापरकर्त्याचे आसन : ॲट-लार्ज समितीची वाटचाल

इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या आज जगभरात साडेपाच अब्जांहून अधिक आहे. या माणसांच्या हिताचा विचार करून जागतिक व्यासपीठावर बोलणारी एक समिती आहे, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेतील 'ॲट-लार्ज सल्लागार समिती' ती हीच. तिच्यात काम करणारी मंडळी तिला 'अलॅक' म्हणतात. आयकॅनमध्ये सरकारांची समिती आहे, डोमेन नावे विकणाऱ्या कंपन्यांचे गट आहेत, तंत्रज्ञांचे मंच आहेत. यांपैकी कशातही न बसणाऱ्या साध्या वापरकर्त्यासाठी जी जागा ठेवली गेली, ती ॲट-लार्जची.

या जागेचा इतिहास सरळ नाही. ती आधी मताधिकाराच्या रूपाने आली, दोन वर्षांत तो अधिकार गेला, आणि नंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी कष्टाने ती वेगळ्या रूपात पुन्हा उभी केली. २००० साली झालेल्या निवडणुकीला आता पाव शतक उलटले आहे. त्या निमित्ताने या स्मरणिकेत ही वाटचाल मराठी वाचकांपुढे क्रमवार मांडत आहोत.

पूर्वपीठिका

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो आणि माणसांच्या सोयीसाठी त्या क्रमांकांना नावे जोडलेली असतात. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन यांसारखी वरच्या पातळीवरची नावे कोणाच्या ताब्यात आहेत, याची मुख्य नोंद एका छोट्या यादीत असते. तिला 'रूट' म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात तलाठ्याच्या दप्तराला जे महत्त्व, तेच येथे या यादीला आहे. नोंद करणारा जमीन कसत नाही, पण त्याच्या नोंदीवाचून कोणाचा हक्क सिद्ध होत नाही.

अनेक वर्षे हे काम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतून जॉन पोस्टेल हे संगणकतज्ज्ञ पाहत होते. अमेरिकी सरकारशी झालेल्या करारांच्या आधाराने आणि तंत्रज्ञांनी त्यांच्यावर टाकलेल्या विश्वासावर ते चालले होते. नव्वदच्या दशकात इंटरनेट बाजारपेठेत आले, डोमेन नावांना पैशाचे मोल आले, आणि ती नोंदवण्याची मक्तेदारी नेटवर्क सोल्यूशन्स या एका कंपनीकडे असल्याबद्दल तक्रारी वाढल्या. जून १९९८ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने श्वेतपत्रिका काढली. हे काम खासगी, ना-नफा आणि जगाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संस्थेकडे सोपवावे, असे तिच्यात म्हटले होते. त्यानुसार ३० सप्टेंबर १९९८ रोजी कॅलिफोर्नियात आयकॅनची नोंदणी झाली. एस्थर डायसन पहिल्या अध्यक्ष झाल्या. नव्या घडीच्या आखणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते पोस्टेल १६ ऑक्टोबर १९९८ रोजी निवर्तले.

आयकॅनच्या मूळ रचनेत वापरकर्त्यांना दिलेले वचन मोठे होते. १९ जणांच्या संचालक मंडळात ९ संचालक 'ॲट-लार्ज' सभासदांमधून, म्हणजे कोणत्याही व्यवसायगटाशी बांधलेल्या नसलेल्या सर्वसामान्य सभासदांमधून यावेत, अशी ती योजना होती. सरकारांच्या तहातून जन्माला न आलेल्या संस्थेला जगाचा विश्वास हवा असेल, तर तो थेट लोकांकडूनच मिळवावा लागेल, ही त्यामागची धारणा. पुढच्या सगळ्या वादांचे आणि साऱ्या प्रयत्नांचेही मूळ या वचनात आहे.

२००० : जगाची मतपेटी

वचन पाळायचे कसे, यावर दीड वर्ष खल झाला. सभासदांनी आधी एक परिषद निवडावी आणि परिषदेने संचालक निवडावेत, असा एक अप्रत्यक्ष मार्ग पुढे आला होता. त्यावर सार्वजनिक हिताच्या संस्थांनी कडक टीका केली. मार्च २००० मधील कैरोच्या सभेत तो बाजूला पडला. पाच संचालक थेट मतदानाने निवडायचे, आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, युरोप, लॅटिन अमेरिका-कॅरिबियन आणि उत्तर अमेरिका या पाच प्रदेशांतून प्रत्येकी एक, असे ठरले. उरलेल्या चार जागांवर आरंभीचेच नेमलेले संचालक २००२ पर्यंत राहणार होते. म्हणजे नऊपैकी पाचच जागा मतदारांच्या हाती आल्या.

सोळा वर्षे पूर्ण झालेल्या, ई-मेल आणि टपालाचा पत्ता असलेल्या कोणालाही सभासद होता येत होते. नोंदणी संगणकावर करायची, मग घरी टपालाने येणारा गुप्त क्रमांक वापरून सभासदत्व पक्के करायचे. प्रतिसाद इतका आला की नोंदणीची यंत्रणा त्याखाली दबून गेली. सुमारे १ लाख ५८ हजार लोकांनी नाव नोंदवले, सुमारे ७६ हजारांनी सभासदत्व पक्के केले. ऑक्टोबर २००० च्या पहिल्या दहा दिवसांत मतदान झाले आणि ३४,०३५ मते पडली.

प्रदेशवार आकडे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहेत. आशिया-पॅसिफिकमध्ये १७,७४५, युरोपात ११,३०९, उत्तर अमेरिकेत ३,४४९, लॅटिन अमेरिकेत १,४०२ आणि संपूर्ण आफ्रिकेत १३० मते. घानाचे नी क्वेनॉर, जपानचे मासानोबु कातो, जर्मनीचे अँडी म्युलर-मागून, ब्राझीलचे इव्हान मौरा कँपोस आणि अमेरिकेचे कार्ल ऑरबाख हे पाच जण निवडून आले. क्वेनॉर यांनी आफ्रिकेत इंटरनेट रुजवण्यासाठी झटून काम केले होते. म्युलर-मागून हे जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लबचे कार्यकर्ते होते, तर कातो फुजित्सू कंपनीत होते. एखाद्या जागतिक संस्थेच्या कारभाऱ्यांना जगभरच्या व्यक्तींनी देशांच्या सीमा ओलांडून थेट मतदान करावे, हा प्रयोग त्याआधी या स्वरूपात झालेला नव्हता.

त्रुटीही उघड होत्या. त्या काळी जगात इंटरनेट वापरणारे तीस-चाळीस कोटी होते, मत देणारे चौतीस हजार. जर्मनीसारख्या काही देशांत प्रसारमाध्यमांनी नोंदणीची मोहीमच चालवली आणि राष्ट्राभिमानाने मते ओढली. टपाल धड न पोहोचणाऱ्या देशांतला मतदार मागे पडला. मतदार खरा की बनावट, हे पडताळण्याचा खर्च मोठा होता. या अडचणी खऱ्या होत्या. प्रश्न इतकाच होता की त्या दूर करून मताधिकार वाढवायचा, की त्यांच्याकडे बोट दाखवून तो काढून घ्यायचा.

अक्रा : मताधिकार गेला

जानेवारी २००१ मध्ये स्वीडनचे माजी पंतप्रधान कार्ल बिल्ट यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली गेली. व्यक्तिगत डोमेनधारकांना सभासद मानावे आणि त्यांनी मंडळाचे एक तृतीयांश संचालक निवडावेत, अशी शिफारस तिने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केली. स्वयंसेवी संस्था आणि अभ्यासकांच्या एका स्वतंत्र गटाने निम्म्या जागा लोकांकडे ठेवाव्यात असे सुचवले होते. मतभेद प्रमाणाबद्दल होते. निवडणूकच नको, असे दोघांपैकी कोणीही म्हटले नव्हते.

फेब्रुवारी २००२ मध्ये आयकॅनचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्टुअर्ट लिन यांनी फेररचनेचा प्रस्ताव मांडला. संस्था फार सावकाश चालते, तिच्यात सरकारांचा सहभाग अपुरा आहे, जगव्यापी थेट निवडणुका व्यवहार्य नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. संचालक मंडळाच्या काही जागा सरकारांनी सुचवलेल्या व्यक्तींना द्याव्यात, असेही त्या प्रस्तावात होते. मार्चमध्ये घानाची राजधानी अक्रा येथे सभा भरली आणि पुढची ऑनलाइन निवडणूक न घेण्याचे संचालक मंडळाने ठरवले. आफ्रिकेतून निवडून आलेले एकमेव संचालक क्वेनॉर यांच्याच देशात हा निर्णय झाला.

त्याच महिन्यात कार्ल ऑरबाख यांनी संस्थेची कागदपत्रे संचालक या नात्याने पाहता यावीत म्हणून लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा दाखल केला. जुलै २००२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. निवडून आलेला संचालक कोणाला बांधील असतो, हा प्रश्न त्या खटल्याने ऐरणीवर आणला. ऑक्टोबर २००२ मध्ये शांघायच्या सभेत नवे पोटनियम मंजूर झाले. पंधरा मताधिकारी संचालकांपैकी आठ जण एका नामनिर्देशन समितीने निवडायचे, थेट मतदान नाही. वापरकर्त्यांसाठी एक सल्लागार समिती आणि मंडळात मताधिकार नसलेला एक प्रतिनिधी, एवढे उरले.

२००० साली मत दिलेल्यांपैकी बहुतेकांसाठी ही गोष्ट येथेच संपली. ॲट-लार्जचा खरा इतिहास मात्र येथून सुरू होतो.

नवी घडी : २००३ ते २००७

जानेवारी २००३ मध्ये दहा सदस्यांची अंतरिम समिती नेमण्यात आली, प्रत्येक प्रदेशातून दोन. आयकॅनच्या पहिल्या अध्यक्ष एस्थर डायसन याही तिच्यात होत्या. इटलीचे व्हित्तोरिओ बेर्तोला अध्यक्ष झाले. समितीपुढे मोठे कोडे होते. शेतकऱ्याची, कामगाराची, शिक्षकाची संघटना बांधता येते, कारण त्यांचा धंदा एक असतो, गाऱ्हाणी एक असतात. इंटरनेट वापरणे हा कोणाचा धंदा नाही. मग या माणसाला शोधायचा कुठे?

उत्तर असे निघाले की तो ज्या संघटनांमध्ये आधीच आहे तेथे जायचे. ग्राहक मंडळे, संगणक क्लब, मुक्त सॉफ्टवेअरचे गट, अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था, इंटरनेट सोसायटीच्या स्थानिक शाखा यांना 'ॲट-लार्ज संघटना' म्हणून मान्यता द्यायची. अशा संघटनांचे प्रदेशवार महासंघ बांधायचे. डिसेंबर २००६ मध्ये साओ पावलो येथे लॅटिन अमेरिका-कॅरिबियनच्या महासंघाने सर्वांत आधी करार केला. मार्च २००७ मध्ये लिस्बन येथे आफ्रिका, आशिया-पॅसिफिक आणि युरोप यांनी, तर जून २००७ मध्ये सान हुआन येथे उत्तर अमेरिकेने. त्याबरोबर समितीचे आजचे रूप पक्के झाले. पंधरा सदस्य, त्यांपैकी दहा जण महासंघांनी निवडलेले आणि पाच नामनिर्देशन समितीने पाठवलेले. पुढे मान्यताप्राप्त संघटनांची संख्या दोनशेच्या वर गेली, आणि कोणत्याही संघटनेत नसलेल्या व्यक्तींना महासंघांत थेट सामील होण्याची सोयही झाली.

हे काम बिनपगारी आहे. सदस्य वेगवेगळ्या देशांत असतात, त्यामुळे बैठका फोनवर आणि संगणकावर होतात, आणि प्रत्येक बैठक कोणाच्या तरी मध्यरात्री येते. स्पॅनिश आणि फ्रेंच दुभाष्यांची सोय असते. शेकडो पानांचे मसुदे वाचायचे, मुदतीच्या आत मत कळवायचे, मतभेद असतील तर सहमतीपर्यंत बोलत राहायचे. या कामाला प्रसिद्धी मिळत नाही. पण समितीची पत याच कामातून तयार झाली.

दोन कामे, ज्यांनी पत मिळवून दिली

पहिले काम 'डोमेन टेस्टिंग'चे. डोमेन नाव नोंदवल्यावर पाच दिवसांत परत केले, तर पूर्ण पैसे परत, असा नियम होता. टंकताना झालेली चूक सुधारता यावी, हा त्याचा मूळ हेतू. काही व्यापाऱ्यांनी त्याचा धंदा केला. लाखो नावे यंत्राने नोंदवायची, त्यांवर जाहिराती लावायच्या, पाच दिवस कोणत्या नावावर लोक येतात ते पाहायचे, चालणारी मोजकी ठेवून बाकी फुकटात परत करायची. जानेवारी २००७ या एका महिन्यात रद्द झालेली नावे पावणेपाच कोटींहून अधिक होती आणि त्यांतली बहुसंख्य मोजक्या दहा नोंदणीदारांची, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपन्यांची, होती. स्वतःच्या दुकानाचे किंवा संस्थेचे नाव घ्यायला आलेल्या माणसाला ते आधीच कोणीतरी उचललेले दिसे.

या प्रकाराची चौकशी करावी, अशी औपचारिक मागणी २००७ मध्ये अलॅकने केली. धोरण ठरवणाऱ्या परिषदेत तिला मत नव्हते, पण प्रश्न अभ्यासासाठी मांडण्याचा अधिकार होता आणि तिने तो वापरला. त्यातून निघालेले धोरण २००८ मध्ये मंजूर झाले. ठरावीक मर्यादेपलीकडे परत केलेल्या नावांचे पैसे परत मिळणे बंद झाले, शिवाय परत केलेल्या जादा नावांवर आयकॅनने शुल्क लावले. जून २००८ ते एप्रिल २००९ या काळात अशा परत येणाऱ्या नावांची संख्या ९९.७ टक्क्यांनी घटली. जगभर पसरलेला एक धंदा वर्षभरात मोडला.

दुसरे काम मुदत संपलेल्या नावांचे. वर्षानुवर्षे वापरलेले डोमेन नूतनीकरण चुकल्यामुळे हातातून जाई आणि लिलावात दुसऱ्याकडे पोहोचे. मोठ्या कंपनीकडे यासाठी माणसे असतात. छोटा व्यावसायिक, शाळा, मंडळ यांच्याकडे नसतात. येथेही अभ्यासाची मागणी अलॅकने केली, आणि त्यासाठी नेमलेल्या कार्यगटाचे अध्यक्षपद कॅनडाचे ॲलन ग्रीनबर्ग यांच्याकडे आले. तेच पुढे अलॅकचे अध्यक्ष झाले. ऑगस्ट २०१३ पासून लागू झालेल्या धोरणानुसार नोंदणीदाराने मुदतीआधी सुमारे महिनाभर एक आणि आठवडाभर एक अशा दोन सूचना देणे आवश्यक झाले, मुदत उलटल्यावर आणखी एक. नाव कायमचे जाण्यापूर्वी ते चालणे थांबवायचे, म्हणजे मालकाच्या लक्षात येईल, हीही तरतूद झाली. आज एखाद्याच्या ई-मेलमध्ये 'आपल्या डोमेनची मुदत संपत आली आहे' अशी सूचना वेळेवर येते, तिच्यामागे या स्वयंसेवकांचे कष्ट आहेत.

मंडळात मताधिकाराची जागा

२००८ मध्ये समितीच्या कामाचे बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण झाले. त्यानंतरच्या पुनर्विलोकन गटाने वापरकर्त्यांना संचालक मंडळात मताधिकार असलेल्या दोन जागा द्याव्यात असे सुचवले. मंडळाने २००९ मध्ये एक मान्य केली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेक्सिको सिटीत जगभरच्या ॲट-लार्ज संघटनांची पहिली शिखर परिषद भरली होती. केवळ आवाजावरून एकमेकांना ओळखणारी माणसे तेथे पहिल्यांदा समोरासमोर भेटली. दुसरी परिषद २०१४ मध्ये लंडनला आणि तिसरी २०१९ मध्ये माँट्रियलला झाली.

नव्या जागेवर फ्रान्सचे सेबास्तियाँ बाशोले यांची निवड झाली आणि डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी मंडळात आसन घेतले. त्यांच्यानंतर मलेशियाच्या रिनालिया अब्दुल रहीम आणि मग मेक्सिकोचे लिऑन सांचेझ यांनी ही जागा भूषवली. समितीच्या अध्यक्षपदाची परंपराही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियाच्या शेरिल लँग्डन-ऑर, फ्रान्सचे ऑलिव्हिए क्रेपाँ-लब्लाँ, कॅनडाचे ग्रीनबर्ग, कुक बेटांच्या मॉरीन हिल्यार्ड, अमेरिकेचे जॉनथन झक. कुक बेटांची लोकसंख्या काही हजारांत मोजावी इतकी. तेथील एका शिक्षणक्षेत्रातल्या कार्यकर्तीने जगभरच्या वापरकर्त्यांच्या समितीचे नेतृत्व करावे, यात या रचनेचे मोठेपण आहे.

मार्च २०१४ मध्ये अमेरिकी सरकारने आयकॅनच्या स्थापनेनंतरही कायम ठेवलेली रूटवरील आपली देखरेख सोडण्याची तयारी जाहीर केली. मग आयकॅनवर लक्ष कोणी ठेवायचे, याचा आराखडा करणाऱ्या उत्तरदायित्व गटाच्या तीन सहअध्यक्षांपैकी लिऑन सांचेझ हे ॲट-लार्जने पाठवलेले होते. १ ऑक्टोबर २०१६ पासून नवी व्यवस्था आली. तिच्यात पाच घटकांना मिळून संचालक मंडळावर कायदेशीर अंकुश ठेवण्याचा अधिकार आहे. अंदाजपत्रक नाकारता येते, पोटनियमांतील बदल अडवता येतो, वेळ आली तर अख्खे मंडळ हटवता येते. त्या पाच घटकांमध्ये सरकारांच्या समितीच्या बरोबरीने अलॅकही आहे. निवडणूक रद्द झाल्यावर केवळ सल्ला देण्यापुरती उरलेली समिती चौदा वर्षांत अंकुश ठेवणाऱ्यांच्या पंक्तीत आली. या बदलानंतरची आयकॅनची पहिली सर्वसाधारण सभा नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला भरली, हा भारतीयांसाठी आनंदाचा योग होता.

जेथे हात अपुरे पडले

स्मरणिकेत यशाबरोबर अपयशही नोंदवले पाहिजे. २०१२ मध्ये नवी वरच्या पातळीची नावे देण्यासाठी आयकॅनने अर्ज मागवले. अर्जाचे शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर. गरीब देशांतील अर्जदारांना सवलत मिळावी म्हणून अलॅकने धोरण परिषदेबरोबर संयुक्त कार्यगट चालवला आणि शुल्क ४७ हजारांपर्यंत खाली आणणारी योजना झाली. पण ती उशिरा आली, लोकांपर्यंत पोहोचली नाही. केवळ तीन अर्ज आले आणि त्यांतला एकच पात्र ठरला. एकूण १,९३० अर्जांपैकी आफ्रिकेचे १७ होते. २००० साली आफ्रिकेच्या १३० मतांनी जे दाखवले होते तेच येथे पुन्हा दिसले. दार सर्वांना उघडे आहे असे नुसते म्हटल्याने दूरचा माणूस आत येत नाही.

'डॉट हेल्थ' या नावावर व्यापारी मालकी नको म्हणून अलॅकने घेतलेल्या हरकती लवादाने फेटाळल्या. २०१९ मध्ये डॉट ऑर्गचा कारभार एका खासगी गुंतवणूक कंपनीला सुमारे १.१ अब्ज डॉलरला विकण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा समितीची वेगळी परीक्षा झाली. विकणारी संस्था इंटरनेट सोसायटी होती आणि तिच्या अनेक शाखा स्वतः ॲट-लार्ज संघटना आहेत. घरातच दोन मते होती. अखेर समितीने ना-नफा संस्थांचे हित जपणाऱ्या अटी मांडणारा सल्ला जानेवारी २०२० मध्ये दिला. आयकॅनच्या मंडळाने ३० एप्रिल २०२० रोजी तो व्यवहार नाकारला. नाकारण्याचे श्रेय एकट्या अलॅकचे नाही, जगभरच्या स्वयंसेवी संस्थांनी त्यासाठी आवाज उठवला होता. तरीही मतभेद लपवून न ठेवता समितीने घेतलेली भूमिका प्रामाणिक होती.

फसवणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या डोमेन नावांचा प्रश्न त्याहून जवळचा. बँकेच्या नावाने येणारा खोटा दुवा उघडून पैसे गमावलेला माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतो. डिसेंबर २०१९ मध्ये अलॅकने या विषयावर मंडळाला सविस्तर सल्ला दिला आणि तो विषय वर्षानुवर्षे धरून ठेवला. एप्रिल २०२४ पासून नोंदणीदारांच्या करारांत बदल झाला. अशा नावाविरुद्ध ठोस पुरावा मिळाल्यास कारवाई करणे आता बंधनकारक आहे. हे पुरेसे नाही, पण पूर्वी कराराच्या बळावर इतकेही मागता येत नव्हते.

देवनागरी आणि आपण

ज्याला इंग्रजी लिपी येत नाही त्याला डोमेन नाव म्हणजे अगम्य चिन्हांची ओळ. आपापल्या लिपीत नावे मिळावीत, ही मागणी ॲट-लार्जमधील आशियाई सदस्यांनी सुरुवातीपासून लावून धरली. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील डॉट भारत खुले झाले. हिंदीबरोबर मराठी, कोकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी या भाषांना त्याचा लाभ मिळाला. त्यासाठीच्या तांत्रिक कामात पुण्याच्या सी-डॅकचा मोठा वाटा होता. पुढे नवब्राह्मी लिपीगटाने देवनागरीसह नऊ भारतीय लिपींसाठी रूटचे नियम तयार केले. त्यांत मराठीच्या गरजाही पाहिल्या गेल्या. वऱ्हाडमधला किंवा दऱ्यांमधला अर्धा र हिंदीत लागत नाही, मराठीचे त्याच्याशिवाय चालत नाही, आणि त्यासाठी ऱ हे अक्षर नियमांत घ्यावे लागले. जाणकार माणूस त्या बैठकीत बसलेला नसता, तर एवढी बारीक गोष्ट सुटून गेली असती. प्रतिनिधित्वाची गरज पटवून द्यायला याहून वेगळा पुरावा नको.

लिपीतील नावे मिळाली तरी काम अर्धे आहे. अनेक ऑनलाइन अर्ज, बँकांचे फॉर्म आणि ई-मेल सेवा देवनागरीसारख्या लिपीतला पत्ता अजून स्वीकारत नाहीत. तो सर्वत्र स्वीकारला जावा यासाठी चाललेल्या मोहिमेत आशिया-पॅसिफिक महासंघ पुढे आहे. त्या महासंघाचे अध्यक्षपद केरळचे सतीश बाबू आणि त्यांच्यानंतर अमृता चौधरी या भारतीयांनी सांभाळले. आयकॅनच्या मार्च २०२६ च्या सभेसाठी मुंबईची निवड झाली, ही या संबंधातली पुढची कडी.

पुढील वाटचाल

आज आयकॅनच्या मंडळात सोळा मताधिकारी संचालक आहेत. त्यांतला एक ॲट-लार्जचा. शिवाय नामनिर्देशन समितीत अलॅकचे पाच मताधिकारी प्रतिनिधी बसतात, त्यामुळे त्या वाटेने येणाऱ्या आठ संचालकांच्या निवडीतही वापरकर्त्यांचा हात असतो. आरंभीचे वचन एकोणिसांत नवाचे होते. त्या मोजपट्टीने पाहिले तर हिशेब अजून पूर्ण झालेला नाही, आणि पूर्ण झाला असे मानून स्वस्थ बसणे योग्य होणार नाही.

पंधरा जणांना साडेपाच अब्जांचे प्रतिनिधी म्हणता येईल का, हा आक्षेप समितीवर नेहमी घेतला जातो आणि तो खरा आहे. सर्वसामान्य वापरकर्त्यांनी त्यांना थेट मतदान करून पाठवलेले नाही. पण डोमेन टेस्टिंग थांबले ते मतांच्या संख्येने थांबले नाही. कोणीतरी नियम वाचला, त्यातला गैरप्रकार ओळखला, मागणी लेखी मांडली आणि निकाल लागेपर्यंत बैठकांना हजर राहिले. ज्याची मतदार यादी करता येत नाही अशा माणसासाठी बोलण्याचा अधिकार अभ्यासातून आणि सातत्यातून मिळवावा लागतो, आणि नव्या माणसांनी तो पुन्हा पुन्हा मिळवावा लागतो. ॲट-लार्जच्या पाव शतकाचे सार हेच आहे.

म्हणून ही स्मरणिका वाचणाऱ्या मराठी माणसाला एक विनंती. आपल्याकडे ग्राहक पंचायती आहेत, ग्रंथालये आहेत, महाविद्यालयांचे संगणक विभाग आहेत, मुक्त सॉफ्टवेअरचे गट आहेत. त्यांना ॲट-लार्जची मान्यता मागता येते, आणि एकट्या व्यक्तीलाही महासंघात सहभागी होता येते. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही. मसुदा वाचण्याची चिकाटी आणि आपल्या शेजाऱ्याला इंटरनेटवर काय त्रास होतो याची जाण, एवढी तयारी पुरते. बैठकीतल्या रिकाम्या खुर्चीवर बोलायला कोणी ना कोणी बसतेच. तेथे वापरकर्त्याने बसावे, ही ॲट-लार्जची मागणी पहिल्या दिवसापासून होती आणि आजही तीच आहे.